पाच जिनसा आणि एक पात्र

वैशाखातील सोलापूरचे ऊन ज्यांनी अंगावर घेतले आहे, त्यांना पेयांच्या इतिहासाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. पारा बेचाळीसच्या पुढे सरकला म्हणजे माणसाला अन्नाची आठवण राहत नाही, पाण्याची राहते. नेमक्या याच दिवसांत आमच्याकडे लग्ने, मुंजी, निरोपसमारंभ आणि सत्कार यांची दाटी असते; आणि अलीकडे अशा प्रसंगी चहाच्या किटलीशेजारी एक मोठे काचेचे पात्र मांडलेले आढळते. त्यात लिंबाचा आणि संत्र्याचा रस, साखरेचा पाक, बर्फ आणि अखेरीस ओतलेला सोडा असतो; बुडबुडे वर येत असतात आणि लिंबाच्या चकत्या तरंगत असतात. या पेयाला यजमान ‘पंच’ म्हणतात. तरुण मंडळींना ते नव्या चालीचे वाटते, वृद्धांना ते साहेबी सरबत वाटते. दोघांच्याही समजुतीत गृहीत एकच असते, की ही वस्तू परदेशाहून आलेली आहे.

हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे. पात्रातील एकेक जिनसाचा माग काढला तर त्यातील बहुतेक आपल्याच घरच्या निघतात. बाहेरचे असे फारसे काही उरत नाही. मात्र शेवटी एक गोष्ट अशी उरते, की जी आपल्या घरात सहजासहजी शिरू शकली नाही. ती गोष्ट म्हणजे या पेयाचे पात्र. या लेखाचा विषय पेय असला तरी प्रश्न त्या पात्राचा आहे, हे वाचकांनी प्रारंभीच ध्यानात घ्यावे.

प्रथम नावाचा विचार करू. इंग्रजी लेखनात ‘पंच’ हा शब्द पेय या अर्थाने प्रथम आढळतो तो 1632 सालच्या एका पत्रात, आणि ते पत्र ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातील एका नोकराचे आहे. पुढे 1638 मध्ये मांडेल्स्लो हा जर्मन प्रवासी सुरतेस उतरला. तेथील इंग्रजांच्या वखारीत त्याने जे पेय पाहिले त्याचे नाव त्याने ‘पालेपुंत्झ’ असे लिहून ठेवले आहे. त्यात मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबूवर्गातील फळाचा रस आणि साखर असल्याचे तो सांगतो. मोगल दरबारी राहिलेला फ्रेंच वैद्य बर्निए याच पेयाला ‘बूलपोंज’ म्हणतो, आणि त्यात जायफळाचाही उल्लेख करतो. अखेरीस कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याची साक्ष घ्यावी. तो 1672 पासून सुमारे नऊ वर्षे हिंदुस्थानात व इराणात होता. शिवकालीन जुन्नरही त्याने पाहिले होते. त्याचा ग्रंथ 1698 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तो स्वच्छ सांगतो, की या देशाच्या भाषेत ‘पंच’ म्हणजे पाच, आणि पाच जिनसांचे म्हणून या पेयाचे नाव पंच. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या त्या पाच जिनसा होत, असे पुढे रूढ झाले.

या व्युत्पत्तीवर आक्षेप नाहीत असे नाही. सतराव्या शतकात इंग्रज लोक त्या शब्दातील स्वराचा उच्चार ‘पुंच’ असा करीत असत. आपल्या ‘पंच’मधील अकाराशी तो जुळत नाही, असे काही भाषाशास्त्रज्ञांचे म्हणणे. दारूच्या मोठ्या पिपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणतात. खलाशांनी त्याचाच संक्षेप केला असावा, असा दुसरा तर्क आहे. शिवाय मांडेल्स्लोने चारच जिनसा मोजल्या आहेत, ही अडचण उरतेच. तथापि शब्दाचे आरंभीचे पुरावे हिंदुस्थानशी संबंधित माणसांच्या लेखणीतून यावेत, आणि देशी भाषा कानावर पडलेल्या फ्रायरसारख्या माणसाने तो अर्थ उघड सांगावा, या गोष्टींचे वजन अधिक आहे. पंचामृत, पंचगव्य, पंचखाद्य असे बोलणाऱ्या देशात पाच जिनसांच्या मिश्रणाला ‘पंच’ म्हटले जावे यात अस्वाभाविक असे काहीच नाही.

परंतु या जुन्या नावांत याहूनही मनोरंजक अशी एक गोष्ट दडलेली आहे. बर्निएचे ‘बूलपोंज’ म्हणजे इंग्रजांच्या ‘बोल ऑफ पंच’ या शब्दांचा अपभ्रंश होय. मांडेल्स्लोच्या ‘पालेपुंत्झ’चाही अर्थ तसाच लावतात. ‘बोल’ म्हणजे खोल, पसरट कटोरा. परक्या प्रवाशाच्या कानाने पात्र आणि पेय यांचे एकच नाव करून टाकले. त्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही, कारण ते पेय कधी एकट्याच्या पेल्यात आलेच नाही. ते सर्वांच्या मधोमध ठेवलेल्या कटोऱ्यातच आले.

नावाकडून आता जिनसांकडे वळू. ‘शुगर’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘शर्करे’चा वंशज, फारसीत तो ‘शकर’ झाला, अरबीत ‘सुक्कर’ झाला आणि तेथून युरोपात गेला. ‘ऑरेंज’ म्हणजे आपले ‘नारंग’. आणि हा संस्कृत शब्दही बहुधा द्राविड भाषांतून आलेला, तेव्हा सोलापूरसारख्या कानडी-तेलुगूच्या सीमेवरील गावाला त्याचे विशेष अगत्य वाटावे. ‘लेमन’ आणि ‘लिंबू’ हेही एकाच कुळातील असून फारसी ‘लीमू’ हा त्यांच्यामधील दुवा आहे. फळांची वंशावळ तर शब्दांहूनही जुनी आहे. लिंबूवर्गातील वनस्पतींच्या जनुकांचा जो अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावरून या कुळाचे मूळ स्थान आसामचा पूर्व भाग, उत्तर ब्रह्मदेश आणि चीनचा युन्नान प्रांत यांच्या दरम्यानच्या हिमालयाच्या पायथ्याशी ठरते. आपले कागदी लिंबू हे स्वतंत्र मूळ फळ नाही. पूर्वेकडील एका रानटी जातीचा महाळुंगाशी संकर होऊन ते उत्पन्न झाले. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ दाखवितात ते हेच महाळुंग. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने कागदी लिंबाचा जो एक सुधारलेला वाण दिला, त्याचे नाव ‘साई सरबती’ असे ठेवले आहे. त्या फळाचा उपयोग आमच्या लोकांच्या मनात कोणता आहे हे त्या एका नावावरून कळते.

‘सरबत’ हा शब्द मात्र पश्चिमेकडून आला. ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून तो झाला. ‘शराब’ हा शब्दही त्याच धातूचा. मुळात दोघांचाही अर्थ केवळ पेय एवढाच. काळाच्या ओघात एक शब्द देवघराच्या ओसरीपर्यंत आला आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभे राहावे लागले. युरोपात याच कुळातून ‘सिरप’, ‘सॉर्बे’ आणि ‘शरबेट’ हे शब्द निघाले. त्यांपैकी ‘शरबेट’चे पुढचे चरित्र तर मोठे चमत्कारिक आहे. अमेरिकेत त्याचा अर्थ थोडे दूध घालून गोठविलेला फळांचा रस असा झाला, आणि त्याचे गोळे सोड्यावर तरंगत सोडून तेथील लोक मेजवानीचे पंच सिद्ध करतात. इंग्लंडात त्याच शब्दाचा अर्थ जिभेवर फसफसणारी आंबटगोड पूड असा झाला. लिंबातील आम्ल आणि खाण्याचा सोडा यांचे ते मिश्रण असते. पूर्वेकडून गेलेल्या सरबताला पश्चिमेने असे एकदा गोठविले आणि एकदा फसफसविले.

सरबत हा शब्द येथे येण्यापूर्वी ती वस्तू नव्हती असे मात्र कोणी समजू नये. तिचे नाव ‘पानक’. कैरीचे ‘पन्हे’ हे त्या पानकाचेच मराठी रूप होय. सोलापूरच्या पूर्वेस, आज कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात असलेले बसवकल्याण हे चालुक्यांच्या राजधानीचे स्थान. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या अन्नभोगाबरोबर पानीयभोगाचाही स्वतंत्र विचार आहे. पाणी कोणते प्यावे आणि ते सुवासिक कसे करावे, यावर त्या राजाने शास्त्रीविषयाच्या गांभीर्याने लिहिले आहे. त्याच शतकात सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी आपल्या शिवयोगी सहकाऱ्यांसह तलाव खोदला. एकाच शतकात, एकाच मुलुखात, पाण्याचे हे दोन विचार झाले. एक पाणी राजाच्या भोगासाठी सुवासिक करण्याचा; दुसरा वाटसरू, गुरेढोरे आणि गाव यांच्यासाठी ते साठविण्याचा. पेयांच्या इतिहासात हे दोन पक्ष नेहमीच समोरासमोर उभे असतात.

आता पंच युरोपात गेल्यावर त्याचे काय झाले ते पाहू. कंपनीच्या गलबतांबरोबर ते इंग्लंडास पोहोचले. आरंभी त्यात पडत असे ती आपल्याकडील अरक, आणि त्यातही गोव्याच्या माडाच्या अरकेची ख्याती फ्रायरने नोंदविली आहे. इकडे मुंबई-मद्रासच्या बंदरांत ‘पंच हाउस’ या नावाने मद्यगृहे निघाली. तिकडे अठराव्या शतकात पंचाचा कटोरा हे इंग्रजी मैत्रीचे चिन्हच होऊन बसले. चीनच्या कॅन्टन बंदरातून खास या पेयाकरिता घडविलेले चिनी मातीचे कटोरे येऊ लागले. क्लबांच्या बैठका, निवडणुकांचे विजय, जहाजांचे प्रस्थान या सर्व प्रसंगी मंडळी एका कटोऱ्याभोवती जमत. कित्येकदा तोच कटोरा हातोहात फिरे. पुढे लांब दांड्याच्या डावाने प्रत्येकाच्या पेल्यात वाढण्याची रीत पडली. लिंबू, साखर, जायफळ या त्या काळी महाग वस्तू होत्या, म्हणून पंच हे श्रीमंतीचेही लक्षण होते. पण त्याचा खरा अर्थ एका पात्रातून सर्वांनी घेणे हाच राहिला. त्या पात्राभोवती प्रत्येकाला जागा होती असे मात्र नाही. ज्यांच्या श्रमाने वेस्ट इंडीजमध्ये ती साखर पिकत होती ते गुलाम त्या पात्राजवळ कधीच आले नाहीत. तेव्हा पाश्चात्त्यांचे पात्र सर्वांचे आणि आमचे तेवढे संकुचित, असा सोपा निवाडा करण्याचे कारण नाही.

तथापि आमचा दोष आम्ही पाहिला पाहिजे. ज्या देशाने या पेयाला नाव दिले, त्याच देशात ते एका पात्रातून पिणे अशक्य होते. येथे उष्ट्याचा विचार होता, आणि त्याहून कडक असा स्पर्शाचा होता. ओठ न लावता तांब्या उंच धरून पाणी घशात सोडण्याची जी आपली जुनी रीत, तिच्यात स्वच्छतेचा शहाणपणा निःसंशय आहे. रोगजंतूंचे शास्त्र माहीत नसताना आमच्या पूर्वजांनी तो सांभाळला. पण उष्टे टाळणे निराळे आणि माणूस टाळणे निराळे. डावाने वाढले की उष्ट्याचा प्रश्न मिटतो. स्पर्शाचा प्रश्न डावाने मिटत नाही, कारण तो पात्रातील वस्तूविषयी नसून पात्राजवळच्या माणसाविषयी असतो.

याचे प्रसिद्ध उदाहरण पुण्याचे आहे, आणि योगायोगाने त्याच्या नावातही ‘पंच’ आहे. दिनांक 14 ऑक्टोबर 1890 रोजी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त गावातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध होतील अशी तजवीज केली, आणि शहरात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले, आणि रानड्यांनीही ते घेतले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तेथे कोणी कोणाच्या कपातून चहा घेतला नव्हता. प्रत्येकाचा कप निराळा होता, आणि कित्येकांनी तर त्याला ओठही लावला नव्हता. तरीही पेय एका घरचे झाले एवढ्याने गाव हादरले. ही उच्चवर्णीयांची अडचण झाली, आणि तिला प्रायश्चित्ताची वाट मोकळी होती. ज्यांना सार्वजनिक तळ्यावरच मज्जाव होता त्यांची स्थिती याहून फार निराळी होती. दिनांक 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या सहस्रावधी अनुयायांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्या पाण्यात साखर नव्हती, लिंबू नव्हते. या देशातील पेयांच्या इतिहासात त्या ओंजळीइतके महत्त्वाचे पेय दुसरे नाही.

पात्राचा हा प्रश्न असा अडून राहिला असता पाचांपैकी चौथ्या जिनसाने, म्हणजे पाण्यानेच, एक नवे रूप घेतले. 1767 मध्ये इंग्लंडातील लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक एका मद्यभट्टीशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिपांवर जो वायू साचतो त्यात पाण्याचे भांडे धरले असता पाण्याला आंबूस, झिणझिणीत रुची येते असे त्याला आढळले. पुढे 1772 मध्ये त्याने या कृतीवर पुस्तिका लिहिली आणि दुसऱ्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले. 1783 मध्ये जिनिव्हात याकोब श्वेप याने या पाण्याचा धंदा सुरू केला आणि काही वर्षांनी तो लंडनला नेला. पण वायू बाटलीत कोंडून ठेवणे ही मोठी अडचण होती. बुचे उडत, वायू निसटे. ती 1872 मध्ये हायरम कॉड या इंग्रजाच्या बाटलीने दूर केली. या बाटलीचा गळा आवळलेला असतो, आत काचेची गोटी असते आणि तोंडाशी रबराचे कडे असते. बाटली उलटी धरून भरतात. सुलटी करताच आतला वायूच गोटीला वर दाबून धरतो. ज्याला कोंडावयाचे त्याच्याकडूनच दाराला कडी घालून घेण्याची ही युक्ती मोठी चतुर खरी. खुद्द इंग्लंडात ही बाटली केव्हाच मागे पडली; आमच्याकडे गोटी सोडा अजून विकला जातो.

उत्तर हिंदुस्थानात या पाण्याला ‘विलायती पानी’ म्हणत. ते येथेच तयार करण्याचा उद्योग पारशी गृहस्थांनी उचलला. मुंबईची पालनजी ही पेढी 1865 ची, पुण्याची अर्देशीर 1884 ची आणि मुंबईची ड्यूक 1889 ची. सोलापुरास आगगाडी 1860 मध्येच पोहोचली होती. 1877 मध्ये मोरारजी गोकुळदास यांची गिरणी सुरू झाली, जिला गाव पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणू लागले. आगगाडी आणि गिरणी यांनी निरनिराळ्या जातींची, भाषांची आणि धर्मांची माणसे एका भोंग्यावर आणि एका फलाटावर आणून उभी केली. अशा गर्दीत बंद बाटलीचा एक गुण आपोआप पुढे आला. तिच्यातील पाणी कोणत्या विहिरीचे, कोणी शेंदले, कोणी वाढले, हे विचारण्यास जागाच राहत नसे. यंत्राने भरलेली, वायूने बंद केलेली आणि पिणाऱ्यासमोरच गोटी दाबून उघडलेली ती वस्तू शिवाशिवीच्या जुन्या कोष्टकात कोठे घालावी, हे सांगणे सनातन्यांनाही अवघड होते. अजीर्णावर औषध म्हणून ती घेणे पुष्कळांना सोयीचे वाटे, आणि औषधाला विधिनिषेध थोडाच असतो!

परंतु बाटलीने प्रश्न सोडविला असे म्हणता येत नाही. तिने तो चुकविला. प्रत्येकाच्या हाती त्याची त्याची बंद बाटली दिली, म्हणजे कोणी कोणाशेजारी बसावे हा प्रश्नच उरत नाही. शेजारी शेजारी उभे राहून निरनिराळे पिणे हे सहजीवन नव्हे. कटोरा माणसांना एकमेकांकडे तोंड करून बसवितो. बाटली घेऊन माणूस भिंतीकडे तोंड करूनही उभा राहू शकतो.

यावर कोणी म्हणेल, एका पात्राची कल्पना मग आमच्याकडे नव्हतीच की काय? होती, आणि ती दरबारात नसून रस्त्यावर होती. पाणपोई ही संस्था आपल्याकडे प्राचीन आहे. मोहरमात सरबताच्या सबिली लागतात आणि तेथे येणाऱ्याचा धर्म पुसण्याची चाल नाही. रामनवमीस कानडी आणि तेलुगू घरांतून गूळ, सुंठ आणि वेलदोडा घातलेले पानक वाटतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मराठी घरांतून आंब्याची डाळ आणि पन्हे देतात. सोलापुरात या चारही परंपरा थोड्याशा पायपिटीत आढळतात, आणि चारही ठिकाणी देण्याची वस्तू तत्त्वतः एकच आहे. पाणी, गोड, आंबट किंवा तिखट काहीतरी, आणि सुगंध. उणीव पेयाची कधीच नव्हती. पाणपोईवरही काहींच्या ओंजळीत पाणी वरून, दुरून पडत असे, ही उणीव होती. ती दूर करण्याचे वचन देशाने स्वतःला 26 जानेवारी 1950 रोजी दिले. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर केले, आणि पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि तलाव यांची नावे स्पष्टपणे घातली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात घटनाकारांना विहिरीचे नाव लिहावे लागले, यातच आमच्या सामाजिक इतिहासाचे सार आहे.

मद्याचा भाग तर आमच्या पंचातून कधीच गळून पडला होता. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा 1949 चा. पण मध्यमवर्गीय घरांत त्याची वाट पाहिली गेली नव्हती. पाचांतून मद्य वजा झाले आणि त्या रिकाम्या जागी सोडा येऊन बसला. संख्या पाचच राहिली. साखर, लिंबू, दुसरे एखादे फळ, सुगंधी मसाला आणि वायूने भरलेले पाणी मिळून आजचे पंच होते.

इतका इतिहास सांगून कृती सांगितली नाही तर गृहिणींचा रोष ओढवेल. शिवाय या कृतीत शास्त्र आहे. पंचवीस माणसांकरिता सुमारे पंचवीस रसदार कागदी लिंबे, एक लिटर संत्र्याचा किंवा मोसंब्याचा रस, सहाशे ग्रॅम साखर, अर्धा लिटर पाणी आणि तीन लिटर सोडा पुरतो. प्रथम दोन संत्र्यांच्या सालीचा केवळ रंगीत भाग पातळ काढून साखरेत चोळावा व तासभर ठेवावा. सालीतील सुगंधी तेल साखर शोषून घेते. पांढरा भाग येऊ देऊ नये, तो कडू असतो. मग पाणी घालून साखर मंद आचेवर पुरती विरघळवावी, पाक गाळावा आणि थंड करावा. त्यात गाळलेले दोन्ही रस, चवीपुरते मीठ आणि जायफळाची चिमूट घालून ते सर्व बर्फात गार करीत ठेवावे. पितळेचे किंवा तांब्याचे पातेले कल्हईवाचून या कामी घेऊ नये. लिंबाच्या आम्लाने रस कळकतो. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील उत्तम.

सोडा अगदी शेवटी, पाहुणे आल्यावर ओतावा, आणि तोही आधी गार केलेला असावा. शून्य अंशावर एक लिटर पाण्यात सुमारे 1.7 लिटर कार्बन डायऑक्साइड वायू राहू शकतो. चाळीस अंशांवर जेमतेम अर्धा लिटर. सोलापूरच्या दुपारी कोमट सोडा उघडला तर वायू पाहुण्यांच्या आधी निघून जातो, तो यामुळेच. साखर आधी विरघळवावयाची आणि रस गाळावयाचे कारणही हेच, की न विरघळलेल्या प्रत्येक कणावर बुडबुडा जन्म घेतो आणि फेस होऊन सारे उतू जाते. सोडा पात्राच्या कडेने सोडावा, एकदाच हलक्या हाताने ढवळावे, आणि ओगराळ्याने वाढावे. ओगराळे हा अस्सल घरचा शब्द आणि अस्सल घरचे साधन. इंग्रजांच्या लांब दांड्याच्या डावाचे सारे काम ते करते, आणि उष्ट्याचा प्रश्नही मिटविते.

राहिला तो दुसरा प्रश्न. कायद्याने विहीर मोकळी केली. पण घरातील फळीपर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. आजही अनेक सुशिक्षित घरांत घरकाम करणाऱ्या बाईंकरिता एक कपबशी वेगळी ठेवलेली असते, कडेला टवका उडालेली, इतर भांड्यांपासून दूर. तिच्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून ती टिकून आहे. ज्या घरातील वडीलधारी माणसे महाडच्या सत्याग्रहाविषयी आदराने बोलतात आणि मुले त्यावर निबंध लिहितात, त्या घरातही ती असू शकते. समारंभाच्या दिवशी पंचाचे पात्र दिवाणखान्यात झळकत असते आणि त्याचे पेले विसळणारे हात स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी असतात. त्या हातांना पेय मिळत नाही असे नाही. मिळते, पण उरलेले, वायू निघून गेलेले, आणि त्या वेगळ्या कपात.

मराठीत ‘पंच’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, हे येथे आठवते. गावाचा निवाडा करणाऱ्यांनाही आपण पंच म्हणतो. एका पात्राभोवती कोण बसले आणि कोण उभे राहिले, यावरून तेही पात्र यजमानाचा निवाडा करीतच असते. म्हणून वरील कृतीत एक शेवटची सूचना जोडावी, आणि ती साखरेच्या मापाइतकीच काटेकोरपणे पाळावी. सोडा ओतल्याबरोबर, बुडबुडे वर येत असतानाच, पेले विसळावयास आलेल्या बाईंना बाहेर बोलवावे, आणि त्याच पात्रातून, त्याच ओगराळ्याने, इतरांसारख्याच पेल्यात त्यांना वाढावे. फळीवरचा तो वेगळा कप त्यानंतर घरात ठेवण्याचे काही कारण उरत नाही.